मुळशीचे सेनापती

पुण्याहून पश्चिमेच्या वाटेने निघाले, की पौड गाव मागे पडते आणि सह्याद्रीचे डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ येऊ लागतात. आणखी काही कोस पुढे गेल्यावर डोळ्यांपुढे एकाएकी विस्तीर्ण जलाशय पसरलेला दिसतो. हा मुळशीचा तलाव होय. सहलीस आलेल्या मुलांना तो निसर्गानेच निर्माण केला असावा असे वाटते. इतका तो त्या डोंगरांच्या कुशीत शोभून दिसतो. परंतु शंभर वर्षांपूर्वी येथे हे पाणी नव्हते. येथे निळा आणि मुळा या दोन नद्या खळाळत येऊन एकमेकींस मिळत असत. त्यांच्या काठांनी भाताची खाचरे होती, कौलारू आणि गवताने शाकारलेली घरे होती, देवळे होती, पारावरचे पिंपळ होते. आंबेमोहोर भाताच्या सुवासाबद्दल या खोऱ्याची ख्याती होती. येथे राहणारे लोक मावळे म्हणून ओळखले जात. त्यांच्या पूर्वजांनी शिवाजी महाराजांच्या सैन्यात तलवार गाजविली होती. ते स्वतः मात्र नांगर धरून सुखसमाधानाने कष्ट करीत होते.

ती गावे आज पाण्याखाली आहेत. ती वाचविण्यासाठी १९२१ ते १९२४ या काळात एक मोठा लढा झाला. धरणामुळे उठणाऱ्या लोकांनी धरणाविरुद्ध दिलेला जगातील हा पहिला संघटित लढा होय, असे अभ्यासकांचे मत आहे. त्या लढ्यात ज्यांनी आपले सर्वस्व ओतले ते पांडुरंग महादेव बापट. त्यांचे घर या खोऱ्यात नव्हते. त्यांची येथे वीतभरही जमीन नव्हती. तरीही या खोऱ्यासाठी त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे तुरुंगात काढली आणि याच लढ्यामुळे लोक त्यांस सेनापती म्हणू लागले.

बापटांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी पारनेर येथे झाला. पारनेर हे तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील गाव आहे. घरची स्थिती बेताची होती, परंतु मुलगा कुशाग्र बुद्धीचा निघाला. मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृत विषयातील प्रावीण्याबद्दल त्यास जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाची शिष्यवृत्ती मिळाली. ही शिष्यवृत्ती मिळविणे त्या काळी फार मानाचे समजले जाई. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकत असताना त्यांच्या मनात देशभक्तीची ज्योत पेटली. एका क्रांतिकारक मित्राच्या सहवासात त्यांनी तलवारीवर हात ठेवून देशाच्या स्वातंत्र्यासाठी झटण्याची शपथ घेतली. तरुणपणी शपथा अनेकजण घेतात. बापटांनी ती सत्त्याऐंशीव्या वर्षापर्यंत पाळली.

१९०३ मध्ये ते पदवीधर झाले आणि विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळवून स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरी यंत्रशास्त्र शिकण्यास गेले. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ज्या माणसाने पुढे एका प्रचंड यांत्रिक योजनेस विरोध केला, तो यंत्राला भिणारा अडाणी माणूस नव्हता. यंत्र कसे चालते हे तो शिकला होता. एडिंबरो येथे त्यांनी एका जाहीर सभेत हिंदुस्थानातील इंग्रजी राज्याच्या अन्यायावर व्याख्यान दिले. त्याचे फळ तत्काळ मिळाले. शिष्यवृत्ती बंद झाली. परदेशात हाती पैसा नाही आणि शिक्षण अर्धवट, अशा स्थितीत दुसरा कोणी क्षमा मागून मोकळा झाला असता. बापट लंडनला गेले. तेथे श्यामजी कृष्णवर्मा यांनी उघडलेल्या इंडिया हाउसमध्ये त्यांस आसरा मिळाला आणि विनायकराव सावरकरांचा सहवास लाभला.

तेथून ते पॅरिसला गेले. बंगालचे हेमचंद्र दास यांच्याप्रमाणेच त्यांनीही रशियन क्रांतिकारकांकडून बाँब तयार करण्याची विद्या मिळविली. त्या विद्येची पुस्तिका घेऊन १९०८ मध्ये ते स्वदेशी परतले. बाँबच्या आवाजाने निद्रिस्त लोकांचे लक्ष स्वातंत्र्याकडे वेधावे, माणसे मारू नयेत, अशी त्यांची दृष्टी होती. परंतु घटना त्यांच्या इच्छेप्रमाणे घडल्या नाहीत. बंगालमध्ये बाँबस्फोट झाला, धरपकड सुरू झाली आणि तपासात बापटांचे नावही पुढे आले. त्यानंतर सुमारे चार वर्षे ते अज्ञातवासात राहिले. अखेरीस १९१२ मध्ये इंदूर येथे ते पकडले गेले. त्यांच्याविरुद्ध पुरेसा पुरावा मिळाला नाही, म्हणून सरकारला त्यांस सोडावे लागले.

परदेशातून आलेला, बाँबची विद्या जाणणारा हा तरुण आता काय करणार, याकडे पोलिसांचे डोळे लागले होते. बापट पारनेरला आले आणि त्यांनी हाती झाडू घेतला. पहाटे उठून ते गावातील रस्ते झाडू लागले. गटारे साफ करू लागले. त्या काळी हे काम विशिष्ट जातींच्या माथी मारलेले होते आणि ते करणाऱ्यांची सावलीही लोक टाळीत. ब्राह्मणाच्या घरातील, विलायतेस जाऊन आलेला पदवीधर मनुष्य रस्ता झाडतो आहे, हे पाहून गावकरी चकित झाले. कित्येकांनी त्यांस वेडाच ठरविले. बापटांनी त्याची पर्वा केली नाही. १९१४ मध्ये त्यांच्या घरी पुत्रजन्म झाला, तेव्हा बारशाच्या जेवणाचा पहिला मान त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांस दिला. पारनेरसारख्या लहान गावात हे करणे सोपे नव्हते. मला तर वाटते, की एडिंबरोच्या सभेत बोलण्यास जेवढे धैर्य लागले असेल, त्याहून अधिक धैर्य आपल्याच गल्लीत, आपल्याच भाऊबंदांसमोर झाडू धरण्यास लागले असेल.

पुढे काही काळ ते पुण्यास वृत्तपत्रांत आणि डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशाच्या कामात होते. १९२० मध्ये मुंबईच्या सफाई कामगारांनी संप केला, तेव्हा बापट त्यांच्या बाजूने उभे राहिले. अंदमानात खितपत पडलेल्या राजबंद्यांच्या मुक्ततेसाठीही त्यांनी घरोघर फिरून खटपट केली. इतक्यात मुळशीच्या खोऱ्यातून संकटाची हाक आली.

हे संकट समजून घेण्यासाठी आपणांस थोडा वेळ मुंबईच्या गिरण्यांकडे वळले पाहिजे. त्या गिरण्या कोळशाच्या धगीवर आणि वाफेच्या बळावर चालत. कोळसा दूरच्या प्रांतांतून आणावा लागे. तो महाग पडे आणि त्याच्या धुराने शहर काळवंडून जाई. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस अपार पडतो आणि डोंगराची पश्चिम बाजू कड्यासारखी कोकणात उतरते. माथ्यावर पाणी अडवावे, ते बोगद्यांतून आणि नळांतून कोकणच्या बाजूस खाली सोडावे, त्याच्या वेगाने चाके फिरवावी आणि त्या चाकांतून वीज काढावी, अशी कल्पना जमशेटजी टाटा यांना सुचली होती. त्यांच्या मागे टाटा उद्योगसमूहाने ती प्रत्यक्षात आणली. लोणावळ्याच्या पाण्यावर खोपोलीचे वीजघर १९१५ मध्ये सुरू झाले. नंतर आंध्रा नदीच्या खोऱ्याचे काम निघाले आणि त्यापाठोपाठ निळा-मुळेच्या संगमाची पाळी आली. निळा आणि मुळा यांचे पाणी स्वभावतः पूर्वेस पुण्याकडे व पुढे भीमेकडे जाते. धरणाने ते अडवून पश्चिमेस वळवावयाचे आणि घाटाच्या पायथ्याशी भिरा या गावी सुमारे पाचशे मीटर खाली आणून त्यावर वीज निर्माण करावयाची, अशी ही योजना होती.

योजना बुद्धिमान माणसांनी आखलेली होती, यात शंका नाही. विजेची गरजही खरी होती. परंतु आराखड्याच्या कागदावर जेथे निळी शाई पसरली होती, तेथे सुमारे बावन्न गावे नांदत होती. दहा-अकरा हजार माणसे उठणार होती. त्यांस कोणी काही विचारले नव्हते. धरणाची जागा तपासण्याकरिता कंपनीच्या माणसांनी लोकांच्या शेतांत न विचारताच चर खणले. एका शेतकऱ्याने हरकत घेतली, तेव्हा इंग्रज अभियंत्याने त्याच्यावर पिस्तूल रोखले, असे सांगतात. सरकार कंपनीच्या पाठीशी होते. १८९४ सालच्या कायद्याप्रमाणे सार्वजनिक कामासाठी सरकारला कोणाचीही जमीन घेता येत असे आणि हा कायदा कंपन्यांच्या कामासही लावता येई.

कायद्यात मोबदल्याची तरतूद होती. मग मावळ्यांची तक्रार कशाबद्दल होती? एक तर मोबदला पैशाच्या रूपाने मिळावयाचा आणि पैसा शेतकऱ्याच्या हाती टिकत नाही. जमीन दरवर्षी पीक देते. रुपये एकदाच खर्च होतात. दुसरी अडचण याहून बिकट होती. पुष्कळ मावळ्यांच्या जमिनी सावकारांकडे गहाण पडल्या होत्या. शेत कसणारा मावळा, परंतु कागदोपत्री मालक पुण्याचा सावकार, अशी स्थिती होती. जमीन पाण्याखाली गेली, की मोबदला सावकाराच्या तिजोरीत जाणार आणि मावळा मात्र बायकामुलांसह रस्त्यावर येणार, हे उघड दिसत होते. वाडवडिलांच्या देवळांची आणि समाध्यांची किंमत तर कोणत्याच कागदावर लिहिलेली नव्हती.

१६ एप्रिल १९२१ रोजी रामनवमी होती. त्या दिवशी सुमारे बाराशे मावळे धरणाच्या जागी जमले आणि काम चालू होते तेथेच ठाण मांडून बसले. कोणी हात उगारला नाही. मजुरांनी कुदळी खाली ठेवल्या आणि काम बंद पडले. महात्मा गांधींच्या असहकारितेची चळवळ तेव्हा देशभर पसरली होती. सत्याग्रह हा शब्द खेडोपाडी पोहोचला होता. अन्याय सहन करावयाचा नाही आणि अन्याय करणाऱ्यास इजाही करावयाची नाही, आपण मात्र सर्व यातना सोसावयाच्या, हा त्या शब्दाचा अर्थ. मुळशीच्या निरक्षर शेतकऱ्यांस तो समजावून सांगण्यास फार वेळ लागला नाही. पुण्याचे न. चिं. केळकर, शिवरामपंत परांजपे, शंकरराव देव यांच्यासारखे पुढारी आणि विनायकराव भुस्कुटे यांच्यासारखे कार्यकर्ते त्यांच्या मदतीस आले होते. गांधीजींनी आपल्या पत्रातून या गरीब लोकांविषयी सहानुभूती व्यक्त केली आणि टाटांनी योजनेचा फेरविचार करावा, अशी विनंती केली. कंपनीने काही महिने काम थांबविण्याचे मान्य केले. मावळात आनंदीआनंद झाला. त्या वर्षी खाचरांत भाताची लावणी नेहमीसारखी झाली.

हा आनंद अल्पकाळ टिकला. पाऊस संपला, मुदत संपली आणि धरणाचे काम पुन्हा सुरू झाले. १९२१ च्या डिसेंबर महिन्यात सत्याग्रहाचे दुसरे पर्व उघडले. पहिल्या वेळी सरकार गाफील होते; आता पोलीस आणि कंपनीचे रखवालदार तयारीत होते. सत्याग्रही कामावर जाऊन बसत, त्यांस मारहाण होई, ओढून दूर नेले जाई, पकडून खटले भरले जात. दुसऱ्या दिवशी दुसरी तुकडी येऊन बसे. स्त्रियाही मागे राहिल्या नाहीत. कडेवर मूल घेऊन आलेल्या बाया बसल्या जागेवरून हलत नसत.

या लढ्यात बापट उतरले आणि त्याचे प्राण बनले. ते मावळ्यांच्या घरी राहत, त्यांची भाकर खात, एका गावाहून दुसऱ्या गावी अनवट वाटांनी पायी जात. लोकांस समजतील अशी पद्ये ते स्वतः रचीत आणि गाऊन दाखवीत. ज्यास वाचता येत नाही त्यास गाणे पाठ होते, हे त्यांनी ओळखले होते. महाराष्ट्रात ठिकठिकाणी जाऊन त्यांनी मुळशीची हकीकत सांगितली. दूरदूरच्या गावांतून स्वयंसेवक मावळाकडे येऊ लागले. बापटांच्या अंगी कसलाही डामडौल नव्हता. जी तुकडी मार खाण्यास जाणार, तिच्या अग्रभागी आपण असावयाचे, एवढेच त्यांचे सेनापतिपद होते. लोकांनी ती पदवी प्रेमाने दिली आणि ती त्यांच्या नावास अशी चिकटली, की पुढे त्यांचे मूळ नाव अनेकांस ठाऊकही राहिले नाही.

सत्याग्रह्यांनी येरवड्याचा तुरुंग भरून गेला. तुरुंगातही त्यांचे हाल संपले नाहीत. नेमून दिलेले काम पुरे न केल्याबद्दल मुळशीच्या कित्येक कैद्यांस फटके मारण्यात आले. त्याच तुरुंगात तेव्हा गांधीजी शिक्षा भोगीत होते. फटक्यांची आणि त्यानंतर सुरू झालेल्या उपवासाची वार्ता त्यांच्या कानी गेली, तेव्हा त्यांनी अधिकाऱ्यांकडे पत्रव्यवहार करून उपवास करणाऱ्यांची भेट घेण्याचा आग्रह धरला. शिवरामपंतांसारखा वृद्ध साहित्यिकही या लढ्यात कारावासात गेला. बापटांस एकदा शिक्षा झाली. ती भोगून बाहेर येताच ते पुन्हा मावळात आले आणि पुन्हा पकडले गेले.

इकडे खोऱ्यातील एकी मात्र ढासळू लागली होती. सावकारांस जमिनीपेक्षा रोख रक्कम हवी होती. चांगला भाव मिळतो असे दिसताच त्यांनी कंपनीशी तडजोड केली. मग त्यांची कुळेही हवालदिल झाली. घरातील कर्ता पुरुष तुरुंगात, शेत पडीक, वर सावकाराचा तगादा, आणि धरणाची भिंत तर रोज हातभर उंच होत आहे, अशा स्थितीत एकेक कुटुंब मोबदला घेऊन खोरे सोडू लागले. त्यांस दोष देण्याचा अधिकार आपणांस नाही. ज्याच्या घरात चूल पेटत नाही, त्याने किती दिवस सोसावे याचा हिशेब दुसऱ्याने करू नये. पुढे गांधीजींनीही हा लढा थांबवावा असाच सल्ला दिला. बहुतेक लोकांनी मोबदला घेतला आहे, धरणाचे काम पुष्कळ पुढे गेले आहे, आणि चळवळीचा नायक अहिंसेवर पूर्ण श्रद्धा ठेवणारा नाही, अशी त्यांची कारणे होती.

यांतील शेवटचे कारण खरे होते. बापटांस गांधीजींविषयी अतिशय आदर होता, परंतु अहिंसेचा नियम त्यांनी सर्व प्रसंगी मानला नव्हता. अन्यायाचा प्रतिकार करताना लपूनछपून काही करू नये, आपल्या कृत्याची शिक्षा आपण होऊन स्वीकारावी, इतके पाळले म्हणजे प्रसंगी शस्त्र धरण्यास हरकत नाही, असा त्यांचा विचार होता. १९२४ च्या डिसेंबर महिन्यात त्यांनी त्याप्रमाणे केले. तोपर्यंत सत्याग्रहींची फळी मोडून गेली होती. धरणाच्या कामाकडे माणसे नेणारी आगगाडी बापट आणि त्यांचे पाच सहकारी यांनी रुळांवर दगड रचून अडविली. त्यांच्याजवळ तलवारी व पिस्तूल होते. गोळ्या झाडल्या गेल्या आणि काही जणांस इजा झाली. त्या गाडीत बसलेले मजूरही पोटासाठी आलेले गरीबच होते, हे आपण विसरता कामा नये. हे कृत्य बरोबर होते असे म्हणणे मला तरी अवघड जाते. जवळच्या अनेक मित्रांसही ते पटले नव्हते. काम झाल्यावर डोंगरात पळून जाणे त्यांस सहज शक्य होते. चार वर्षे पोलिसांस चुकविलेला हा मनुष्य होता. परंतु ते पळाले नाहीत. त्यांनी स्वतःस पोलिसांच्या स्वाधीन केले. न्यायालयाने त्यांस सात वर्षांची शिक्षा दिली.

मुळशीसाठी झालेली ही त्यांची तिसरी शिक्षा. या वेळी त्यांस महाराष्ट्रापासून शेकडो मैल दूर, सिंधमधील हैदराबादच्या तुरुंगात ठेवण्यात आले. तेथे पावसाचे नाव नाही, डोंगर नाही, मराठी शब्द कानी पडण्याची शक्यता थोडी. सह्याद्रीवर प्रत्येक पावसाळ्यात ढग येत होते आणि भिंतीमागे पाणी चढत होते. प्रथम नदीकाठची खाचरे गेली, मग घरे, मग देवळांचे कळस दिसेनासे झाले. कित्येक कुटुंबे डोंगरउतारावर सरकून वरकस जमिनीत नाचणी-वरी पिकवू लागली. कित्येक पोटासाठी दूर पांगली. १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजघर सुरू झाले. चाके फिरवून झालेले पाणी कुंडलिका नदीत उतरून पश्चिमेच्या समुद्राकडे जाऊ लागले. १९३१ मध्ये बापट सुटून आले, तेव्हा तलाव भरून चार वर्षे लोटली होती.

ज्या कार्यासाठी सात वर्षांची शिक्षा भोगली ते कार्य संपूर्ण बुडालेले पाहून मनुष्य खचून जातो. बापट पन्नाशीचे झाले होते. थोडी विश्रांती घेण्यासही कोणी हरकत घेतली नसती. परंतु त्याच वर्षी महाराष्ट्र प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले आणि एका भाषणाबद्दल राजद्रोहाचा आरोप येऊन ते पुन्हा दीर्घ कारावासात गेले. तेथून सुटले ते १९३७ मध्ये. पुढे सुभाषचंद्र बोस यांनी फॉरवर्ड ब्लॉक पक्ष स्थापन केला, तेव्हा महाराष्ट्रातील त्याची धुरा बापटांनी वाहिली. या सर्व काळात त्यांचा झाडू सुटला नव्हता. जेथे जातील तेथे पहाटे रस्ता झाडण्याचा त्यांचा नेम चालू असे. योगी अरविंदांचा 'दिव्य जीवन' हा कठीण तत्त्वज्ञानग्रंथही त्यांनी मराठीत आणला. एकच हात झाडूही धरतो आणि असा ग्रंथही लिहितो, हे उदाहरण आपल्याकडे विरळाच.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला आणि पुण्यात राष्ट्रध्वज फडकविण्याचा मान सेनापतींस मिळाला. ज्या पुण्यातून मुळशीचे कैदी साखळदंड वाजवीत येरवड्यास गेले होते, त्याच पुण्यात हा समारंभ झाला. त्यानंतरही ते घरी स्वस्थ बसले नाहीत. गोवा तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. १८ मे १९५५ रोजी सत्याग्रह्यांची एक तुकडी गोव्याच्या हद्दीत शिरली, तिच्या अग्रभागी ना. ग. गोरे यांच्याबरोबर चौऱ्याहत्तर वर्षांचे बापट होते. पोर्तुगीज सैनिकांनी वयाचा मुलाहिजा ठेवला नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनातही हा शुभ्र दाढीचा वृद्ध सभांतून आणि मोर्चांतून दिसे. १ मे १९६० रोजी मराठी भाषकांचे राज्य झालेले त्यांनी डोळ्यांनी पाहिले.

२८ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. १९७७ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. पुण्यातील एका हमरस्त्यास त्यांचे नाव आहे, तसेच मुंबईतीलही एका रस्त्यास आहे. मुंबईचा तो सेनापती बापट मार्ग लोअर परळवरून दादर व माहीमकडे जातो. त्याच्या कडेने पूर्वी कापडाच्या गिरण्या होत्या. टाटांच्या वीजघरांची वीज सह्याद्रीच्या पायथ्याहून तारांवाटे मुंबईत आली ती प्रथम अशाच गिरण्यांसाठी. आता तेथील बहुतेक गिरण्या बंद पडल्या असून त्यांच्या जागी उंच इमारती उभ्या आहेत. भिऱ्याचे वीजघर अजून चालू आहे. संध्याकाळ झाली, की त्या रस्त्यावरचे दिवे लागतात.